धानामागची लाखोळी

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने बांधलेले, आणि पुढे इंग्रजी अमलात मालगुजारांच्या नावे ओळखले गेलेले हे तलाव धान पिकवितात हे सर्वश्रुत आहे. परंतु धान उठल्यावर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जी ओल मागे राहते, तिच्यावर पोसलेल्या एका गरीब पिकाची कथा यकृताच्या आजच्या वैद्यकापर्यंत येऊन पोहोचते.

हे पीक लाखोळीचे. धान उभे असतानाच, कापणीच्या काही दिवस आधी, शेतकरी तिचे करडे, ठिपकेदार, तिकोनी दाणे चिखलात फेकतो; नांगर नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. या पेरणीला उतेरा म्हणतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी, दाण्यांची डाळ, सणावाराला त्या डाळीचे वडे आणि सकाळी न्याहारीला रात्रीचा उरलेला शिळा भात, असा हा कष्टकरी रयतेचा मामुली आहार होता.

भात शिजून निवला की त्यातील काही पिष्ट पुन्हा घट्ट बांधले जाऊन पचनास दाद देत नाही. डाळीतील तंतू व काही शर्कराही अशाच न पचता मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील उपकारक जंतूंचे खाद्य होतात. अशा खाद्याला ‘प्रीबायोटिक’ हे नाव 1995 साली गिब्सन व रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी दिले. आतड्यातील रक्त एका शिरेवाटे थेट यकृतात जात असल्याने जंतूंच्या कारभाराचा बरावाईट परिणाम प्रथम यकृतालाच भोगावा लागतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी प्रयोगात, यकृतात मेद साठलेल्या 200 रुग्णांपैकी ज्यांना चार महिने रोज 40 ग्रॅम न पचणारे मक्याचे पिष्ट दिले, त्यांच्या यकृतातील मेद, साधे पिष्ट घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 40 टक्क्यांनी घटला.

यावरून शिळ्या भाताला औषधाची सनद देण्याची घाई मात्र करू नये. ताज्या भातात 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम असलेले हे न पचणारे पिष्ट, भात चोवीस तास थंडीत ठेवून पुन्हा गरम केल्यास 1.65 ग्रॅम होते, असे 2015 सालच्या एका मोजणीत आढळले; म्हणजे 40 ग्रॅमसाठी जवळजवळ अडीच किलो भात खावा लागेल, आणि मग मेद घटण्याऐवजी वाढेलच!

प्रमाण सुटल्याचा धडा लाखोळीनेही दिला आहे. दुष्काळात इतर पिके बुडाली की तीच तेवढी तगे, आणि महिनोन् महिने केवळ तिच्यावर जगणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. सागर प्रांतातील असा प्रकोप इंग्रज अंमलदार स्लीमनने आपल्या 1844 सालच्या ग्रंथात नोंदविला आहे. पुढे, 1961 साली, लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. वास्तविक दाणे गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले की पाय लुळे करणारे त्यांतील विष बरेच कमी होते, आणि भाताच्या जोडीने बेताने खाणाऱ्यास तिचे भय क्वचितच. पांगळा झाला तो ज्याच्या ताटात दुसरे काही उरलेच नव्हते तो.

ज्यांच्या यकृतात आज मेद साठतो, त्यांच्या ताटातही बहुधा असेच एकच अन्न माजलेले असते; मग ते पॉलिशचा भात असो की साखर. वजन, व्यायाम आणि वैद्याचा सल्ला यांना पर्याय नाही. पण धानामागे डाळ हा जो क्रम बांधीने घालून दिला, तो ताटानेही पाळावा, आणि भाताचा ढीग आटोपता घेऊन डाळभाजीला जागा द्यावी.