मणीचा घोडा, बाणाईची मेंढरं

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा मागे पडल्यावर माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथल्या खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. पुढचे काही दिवस त्या माळावर घोडे, उंट, गाढवं, कुत्री, लाल कंधारी गाई आणि देवणी बैल यांचा बाजार भरतो. वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी अशा भटक्या जमातींच्या जातपंचायती पिढ्यान्‌पिढ्या इथेच बसत आल्या. ज्यांना वर्षभर गाव नसतं, त्यांचं गाव माळेगावला वसतं. मराठवाड्यात इतक्या वेगवेगळ्या लोकांना आणि जनावरांना हाच देव आपला का वाटावा, याचं उत्तर मला त्याच्या कथेतल्या पात्रांत सापडतं. आणि तेही मोठ्या पात्रांपेक्षा लहान पात्रांत जास्त.

आपल्या देवघरातला खंडोबाचा टाक एकदा हातात घेऊन पाहावा. दोन बोटांत मावेल एवढा चांदीचा पत्रा. त्यावर घोडा, घोड्यावर खड्ग उगारलेला देव, त्याच्याजवळ म्हाळसा. घोड्याच्या पायांशी दैत्य पडलेला, आणि त्याच्यावर झेपावणारा कुत्रा. रोजच्या पुसण्या-घासण्याने जुन्या टाकावरचे चेहरे झिजून सपाट होतात, तरी घोड्याची मान आणि कुत्र्याची शेपटी ओळखू येते. एवढ्याशा जागेत सोनाराने कुणालाही वगळलेलं नसतं. यातला प्रत्येक जण कथेत कधी आणि कुठून आला, हा मागोवा घेण्यासारखा आहे.

लिखित कथेचा मूळ आधार म्हणजे संस्कृत ‘मल्लारिमाहात्म्य’. ते स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवतं, पण त्या पुराणाच्या प्रचलित प्रतींत ते नाही. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी त्याची रचना साधारण 1460 ते 1510 या काळातली मानली. 1585 मध्ये सिद्धपाल केसरी याने ते मराठीत आणलं. या ग्रंथातली पात्रं ठरावीक वळणाची आहेत: छळलेले ऋषी, ब्रह्मदेवाच्या वराने माजलेले मणी आणि मल्ल हे दैत्य, हतबल इंद्र आणि विष्णू, आणि शेवटी हळदीच्या तेजाचं मार्तंडभैरवाचं रूप घेऊन सात कोटी सैन्यासह उतरणारा शिव. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत युद्ध चालतं. तीच आपली चंपाषष्ठी, आपल्याकडची वांगेसट.

पण या पोथीतही एक गोष्ट अशी घडते की ती मला फार मोलाची वाटते. मणी पडतो तेव्हा त्याला पश्चात्ताप होतो. तो आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि ‘मला तुझ्याजवळ जागा दे’ असं मागतो. देव ती देतो. जेजुरीच्या गडावर मणीला स्थान आहे, लोक त्याच्याही पाया पडतात. मल्ल मात्र शेवटपर्यंत वाकडाच राहतो. त्याचा शिरच्छेद होतो, तरी त्याचं नाव देवाच्या नावाला कायमचं जोडलं जातं: मल्हारी. शत्रूचा घोडा हे देवाचं वाहन झालं आणि शत्रूचं नाव हा देवाचा जयजयकार झाला. माळेगावच्या बाजारात लाखमोलाचा घोडा उभा करणाऱ्या माणसाला कथेतलं आपलं नातं इथे सापडतं.

पोथीचा भर दैत्यवधावर आहे. संसाराची कथा मात्र देवाचे सेवेकरी वाघ्या-मुरळी रात्रभर गातात त्या जागरणात फुलली. म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, रीतसर लग्नाची बायको. पालीला पौष पौर्णिमेला तिचं लग्न लागतं. बाणाई धनगराच्या घरी वाढलेली. इंद्राची मुलगी, पण मेंढरांत रमलेली. सारीपाटात म्हाळसेशी हरून देव बारा वर्षं घर सोडतो, म्हातारा धनगर बनून बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहतो, तिची मेंढरं राखतो आणि शेवटी तिच्याशी लग्न करून परततो. मग सवतींचं भांडण: कोण कुळाची, कुणाच्या अंगाला मेंढरांचा वास, कुणाच्या हातचं जेवायचं. जागरणात रात्र चढते ती याच भागाने. अखेर वाटणी होते. वर गडावर म्हाळसा, गडाच्या निम्म्या वाटेवर बाणाई. शिवाय रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि कुठे तेलीण तर कुठे मुसलमान मानली जाणारी चंदाई अशा आणखी तिघी. देवाच्या दाराशी आलेल्या एकेका समाजाने आपली लेक देवाला देऊन सोयरीक जोडली. लोक देवाचे भक्त होतेच, आता त्याचे सासरेही झाले.

ही मांडणी एकट्या महाराष्ट्राची असती तर तिला योगायोग म्हणता आलं असतं. पण नांदेड-लातूरचा माणूस तीन भाषांच्या शेजारी राहतो. 1948 पर्यंत आपण सगळे निजामाच्या एकाच मुलखात होतो. इथून बीदरजवळच्या मैलारला जा, पुढे खाली कर्नाटकातल्या मैलार लिंगाला जा: त्या देवाच्या दोन बायका, एक लिंगायतांची गंगी माळव्वा, दुसरी कुरुब मेंढपाळांची कुरुबत्यव्वा. तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाकडे जा: एक बलिजा व्यापाऱ्यांची मेडलम्मा, दुसरी गोल्ल गवळ्यांची केतम्मा. तिथे ओग्गु कथेकरी रात्रभर ती कथा गातात, जशी आपल्याकडे वाघ्ये गातात. नावं बदलतात, भाषा बदलते, पण जोडी तीच राहते: पेठेतली एक आणि रानातली एक. दख्खनच्या या पट्ट्यात वाणी आणि मेंढपाळ यांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं आणि एकमेकांशी पटतही नव्हतं. तो सगळा व्यवहार देवाच्या घरातल्या भांडणात आला.

भांडण आलं की मध्यस्थ लागतो. तो हेगडी प्रधान. पोथ्यांनी त्याला विष्णूचा अवतार केलं, लोकांनी त्याला देवाचा कारभारी ठेवलं. बाणाईच्या लग्नात हाच धावपळ करतो, दोन्हीकडची बोलणी हाच सांभाळतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे तंटे मिटवले, त्याला या प्रधानाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आणि कुत्रा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य देवाबरोबर कुत्र्यालाही दाखवतात. वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेत, कोटंबा या पात्रात भिक्षा घेत. एकनाथांच्या भारुडातही वाघ्या येऊन गेला. मुरळीबद्दल मात्र जपून आणि स्पष्ट बोललं पाहिजे. नवसापायी लहान मुलींचं देवाशी लग्न लावलं गेलं आणि त्यांच्या वाट्याला जे जिणं आलं ते कथेतल्या कुणाही पात्राच्या वाट्याला आलं नाही. शिवराम जानबा कांबळे आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याविरुद्ध आवाज उठवला. कथेचं कौतुक करताना हा अन्याय झाकता येणार नाही. बाणाईला अर्ध्या वाटेवर का होईना घर मिळालं, या मुलींना तेही मिळालं नाही.

पुराण एकट्यानेही रचता येतं. टॉल्कीनसारख्या लेखकाने तसं अख्खं पुराण रचलं. त्याच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये त्याचा ‘सिल्मरिलियन’ प्रसिद्ध झाला. देव, राजे, त्यांच्या वंशावळ्या, सगळं एका माणसाच्या डोक्यातून आलेलं. मला त्या कामाविषयी आदर आहे. पण खंडोबाचं पुराण रचणारे हात हजारो आहेत. नवा समाज आला की कथेत नवं माणूस येई, आणि आधीच्यांना उठवून जागा करावी लागत नसे. 2014 मध्ये ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली तेव्हाही हेच घडलं: म्हाळसेइतकीच बानू, म्हणजे बाणाई, घराघरात पोचली. शतकानुशतकं निम्म्या वाटेवर थांबलेल्या पात्राची बाजू इतक्या मोठ्या संख्येने लोकांनी रोज संध्याकाळी ऐकली.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कथेचा जीव तिच्या लहान पात्रांत आहे. दैत्यवध सगळ्याच पुराणांत असतो. पण पश्चात्तापी शत्रूचा घोडा, सारीपाट हरलेला देव, सवतींत अडकलेला प्रधान आणि नैवेद्यातला वाटेकरी कुत्रा एकाच कथेत सांभाळले गेले, म्हणून तिच्यात इतके लोक मावले. आज जागरण तासाभरात उरकून घेण्याकडे घरांचा कल वाढतो आहे, आणि वेळ कापायची म्हटलं की आधी कापली जातात ती हीच पात्रं.

यावर करता येण्याजोगं काम आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे. नांदेडला 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे, आणि माळेगावला दरवर्षी वाघ्यांचे फड आपणहून चालत येतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही कळणारी मुलं देगलूर-उदगीरच्या वर्गांत बसलेली असतात. त्यांनी यात्रेत बसून प्रत्येक फडाची कथा अथपासून इतिपर्यंत ध्वनिमुद्रित करावी, कोणत्या गावचा वाघ्या कोणतं पात्र वाढवतो याची नोंद ठेवावी, आणि ती शेजारच्या मैलार-मल्लन्नाच्या कथांशी ताडून पाहावी. माहात्म्याची पोथी छापून सुरक्षित झाली आहे. हेगडी प्रधान आणि बाणाई अजून बऱ्याच अंशी गाणाऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि ती तोंडं वर्षागणिक म्हातारी होत आहेत.