हाली, कलदार आणि बिटकॉइन

माझं गाव शिरड शहापूर. आज हिंगोली जिल्ह्यात, निजामाच्या काळात परभणी जिल्ह्यात. तेव्हा इथे हाली सिक्का चालायचा, म्हणजे हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलं की इंग्रजांचा कलदार. 'कल' म्हणजे यंत्र; यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. खरं तर हे नाव बिटकॉइनलाच जास्त शोभलं असतं! १०० कलदारांसाठी साधारण ११६ हाली मोजावे लागत.

क्रिप्टोचं काय करायचं, हा सरकारांपुढचा प्रश्न नवा वाटतो. पण आपल्या हद्दीत आपण न काढलेला पैसा फिरू लागला तर काय करायचं, हा प्रश्न जुनाच आहे.

नोव्हेंबर १९४७ मध्ये निजामाने भारताशी 'जैसे थे' करार केला. लगेचच वटहुकूम काढून भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन नसल्याचं जाहीर केलं. भांडण रुपयाचं दिसत होतं, पण खरा मुद्दा राज्य कुणाचं हा होता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामाची सत्ता गेली. हाली मात्र एका रात्रीत गेला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या जोडीला आला आणि दर ठरला: ७ हालींना ६ रुपये. पुढच्या वर्षी नवे हाली काढणं थांबलं. ते पूर्ण बाद झाले थेट १९५९ मध्ये. ज्याच्या पेटीत हाली होते, त्याला ठरलेला दरही मिळाला आणि वेळही.

आता क्रिप्टो. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आला, वर प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. २०२३ मध्ये एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. चीनने २०२१ मध्ये हे व्यवहार सरळ बेकायदा ठरवले. त्याच महिन्यात एल साल्वादोरने बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. आपण यातलं काहीच केलं नाही. कर घेतो, पण चलन मानत नाही.

कर लावायला माझा विरोध नाही. हालीचे दिवस परत येतील असंही नाही. हालीमागे एक राज्य होतं, बिटकॉइनमागे कुणीच नाही, म्हणून त्याचा बदलीचा दर कुठलंही सरकार ठरवून देणार नाही. पण उद्या एखादं एक्स्चेंज बुडालं, तर माझ्या वयाच्या पोराने दाद कुठे मागायची, एवढं तरी कायद्यात स्पष्ट हवं. १९५० च्या सरकारने पैशाइतकाच पेटीवाल्याचाही विचार केला होता. आजच्या नियमांत कर कसा भरायचा ते नीट लिहिलंय. पेटीवाला त्यात अजून मला सापडलेला नाही.