नाकात सोडावयाच्या औषधाची हकीकत

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वाग्भटाने नस्यविधी सांगितला आहे, आणि तो सांगताना मात्रेचे जे माप दिले आहे ते इतके प्रत्यक्ष आहे की वाचताना त्या वैद्याचा हातच डोळ्यांपुढे उभा राहतो. तर्जनीची दोन पेरे स्नेहात बुडवून ती वर उचलल्यावर जो थेंब गळेल तो एक बिंदू; मर्श नस्याच्या उत्तम मात्रेत असे दहा बिंदू, मध्यम मात्रेत आठ, कनिष्ठ मात्रेत सहा, आणि प्रतिमर्श नावाच्या सौम्य प्रकारात अवघे दोन. सात वर्षांखालील बालकास व ऐंशी वर्षांवरील वृद्धास नस्य वर्ज्य. प्रतिमर्शास मात्र ही वयाची अट नाही, ते आजन्म घ्यावे. येथवर झाली व्यवस्था. परंतु वाग्भट शहाणा असल्यामुळे वाचकाच्या मनातील शंका तो स्वतःच उपस्थित करतो, की प्रतिमर्शापासून गुण तोच येत असेल आणि पथ्याचा जाच व उपद्रवाची भीती मुळीच नसेल, तर मर्शाचा खटाटोप कोण कशाला करील? त्याचे उत्तर असे की मर्श त्वरित गुण देतो व अधिक गुण देतो, तर प्रतिमर्श सावकाश देतो. शीघ्र परंतु जपून वापरावयाचे औषध एकीकडे, आणि मंद परंतु निर्धोक औषध दुसरीकडे, असा हा मामला आहे. आणि नाकाच्या औषधांचा पुढील सारा इतिहास माझ्या मते याच एका निवाड्याभोवती फिरत आला आहे.

चरकाने अणुतैलाची जी कृती दिली आहे तीतही हीच सावकाशी दिसते. तिळाच्या तेलावर काढ्याचे एकामागून एक दहा पाक करावयाचे, दहाव्या पाकाच्या वेळी तेलाइतकेच शेळीचे दूध घालावयाचे, आणि असे सिद्ध झालेले तेल प्रावृट्, शरद व वसंत या तीन ऋतूंत, तेही आभाळ निरभ्र असताना, नाकात सोडावयाचे. तथापि एवढ्यावरून आजच्या औषधी फवाऱ्याचे मूळ आपल्या संहितांत होते असा दाखला काढण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरलेला बरा. त्या तेलाचा आणि या फवाऱ्याचा वंशसंबंध नाही, समान आहे ती केवळ पेचाची जात.

मध्यंतरी नाकाला आणखी एक पाहुणा भेटला. पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू दक्षिणेत रुजली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. तिचीच पूड होऊन तपकीर झाली, आणि चिमूटभर ओढली की डोके हलके होते या समजुतीवर तिने आपल्याकडील ओसऱ्यांवर व देवळांच्या पायऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या अंमल गाजविला. शिंका याव्यात म्हणून काही नाकात घालणे हा जसा एका काळचा दस्तूर, तशा शिंका थांबाव्यात म्हणून काही घालणे ही दुसऱ्या काळाची निकड ठरली.

ती निकड विद्येच्या दप्तरी प्रथम नोंदविली गेली लंडनमध्ये. १८१९ साली जॉन बोस्टॉक या वैद्याने तेथील वैद्यकसभेपुढे एका रुग्णाची हकीकत वाचली, आणि जे. बी. या आद्याक्षरांखाली झाकलेला तो शेहेचाळीस वर्षांचा रुग्ण म्हणजे स्वतः बोस्टॉकच होता. वयाच्या आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये त्याचे डोळे लाल होत, त्यांना कंड सुटे, सटासट शिंका येत आणि छाती भरून येई. रक्तस्राव करविणे, अफू, थंड पाण्याने स्नान, सारे इलाज करून झाले होते. नऊ वर्षांनी, १८२८ मध्ये, त्याने अशी आणखी अठ्ठावीस माणसे शोधून काढून दुसरा निबंध लिहिला, पण कारण म्हणून उन्हाळ्याच्या उष्म्याकडे बोट दाखविले. परागकणांचा अपराध सिद्ध केला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्लीने, आणि तोही स्वतःच्याच देहावर प्रयोग करून. गवताचे पराग नाकात ओढणे, त्वचेवर ओरखडा काढून त्यावर ते चोळणे, चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशात सोडणे व खाली आल्यावर त्यांवरील कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे, असा उद्योग त्याने वर्षानुवर्षे केला आणि १८७३ साली तो ग्रंथरूपाने मांडला. ‘ॲलर्जी’ हे नाव मात्र १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने दिले.

कारण कळले म्हणून उपाय सापडला असे नव्हे. आणि येथून पुढचे अर्धशतक हे घाईचे अर्धशतक आहे. १८८४ मध्ये कोकेनचा बधिर करणारा गुण प्रसिद्ध होताच ते नाकातही गेले, कारण चोंदलेले नाक त्याने क्षणात मोकळे होई. त्या क्षणाची किंमत पुष्कळांनी व्यसनाच्या रूपाने चुकविली. मग ॲड्रिनॅलिन आले, एफिड्रिन आले, १९३०च्या दशकात ॲम्फेटामिनच्या नळ्या आल्या. ही सगळी द्रव्ये नाकातील रक्तवाहिन्या आकसवून सूज उतरवितात. परंतु अंमल उतरला की त्या वाहिन्या पहिल्याहून अधिक फुगतात, मनुष्य पुन्हा थेंब घालतो, आणि काही दिवसांत औषध हाच रोग होऊन बसतो. आज औषधांच्या दुकानात ‘नाक मोकळे करणारे थेंब’ म्हणून जी बाटली सहज मिळते तीत याच घराण्यातील द्रव्य असते, आणि ती तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नये हा नियम ज्या घरात पाळला जातो असे घर विरळा.

मंद औषधाची वाट निघाली ती अगदीच निराळ्या रोगापासून. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची सुई टोचण्यात आली, आणि जिला कूस वळणे कठीण होते ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली केंडॉल, राइखश्टाइन व हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच सुमारास चेहरा चंद्रासारखा वाटोळा होणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर चढणे, शरीराची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय होणे, ही त्या चमत्काराची थकबाकी वसूल होऊ लागली. आणि ‘स्टेरॉइड’ या शब्दाची जी धास्ती आजही आपल्या घराघरांत आहे तिचा उगम या वसुलीत आहे. दमेकऱ्यांना व नाकाच्या रोग्यांना हे औषध थेट त्या जागी द्यावे ही कल्पना तेव्हाच सुचली होती, पण डेक्सामेथासोनसारखी द्रव्ये नाकातून रक्तात भरपूर शिरत, त्यामुळे मार्ग बदलला तरी उपद्रव बराचसा तोच राहिला.

तोड निघाली ती त्वचेच्या मलमांतून. बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट हे द्रव्य इंग्लंडमधील ग्लॅक्सो कंपनीत मुळात त्वचारोगांसाठी तयार झाले होते. ते जागेवर प्रबळ, परंतु पोटात गेलेला अंश यकृतात बऱ्याच अंशी निकामी होणारा, असा त्याचा स्वभाव. १९७२ च्या सुमारास ते दम्यासाठी श्वासावाटे देण्यास सुरुवात झाली, आणि १९७३ साली नील्स म्यूगिन या डॅनिश वैद्याने तेच नाकात फवारून परागज्वराच्या रुग्णांना आराम पडतो असे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखविले. तेथून ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, मोमेटासोन अशी परंपरा चालू झाली. शेवटच्या दोन द्रव्यांचा नाकातून रक्तापर्यंत पोहोचणारा हिस्सा शेकडा दोहोंहूनही कमी आहे. प्रौढ मनुष्याची फ्लुटिकासोनची नेहमीची दिवसाची मात्रा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. ज्यांना स्टेरॉइडच्या नुसत्या नावाने कापरे भरते त्यांनी हा आकडा जरूर पाहावा. आणि मोसमात एकदाच टोचून घ्यावयाची, महिनाभर सर्व अंगात भिनणारी सुई जे खुशाल घेतात पण फवारा नको म्हणतात, त्यांनी तर तो दोनदा पाहावा.

महाराष्ट्राला या प्रकरणाशी नाते जोडावे लागत नाही. ते आपोआप जडले आहे. ज्याला आपण गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे पडीक जमीन व रस्त्यांच्या कडा पादाक्रांत करीत देशभर पसरले. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानतात. त्याच्या परागाने नाक व त्वचा दोन्ही बिघडतात. शिवाय पावसाळ्यातील ओल, बुरशी, गाद्यांत वसणारे धुळीतील सूक्ष्म किडे यांचा बंदोबस्त कोणास साधला आहे? वेखंडाचा लेप, ओव्याची पुरचुंडी, निलगिरीचा वाफारा ही आपली घरगुती आयुधे क्षणभर सुखावतात. नाकाच्या अस्तरातील दाह त्यांनी शमत नाही.

फवारा तो शमवितो, पण त्याचा स्वभाव जाणून न वापरणाऱ्याला तो निरुपयोगी वाटतो, आणि येथे मी किंचित विस्ताराने लिहितो. स्टेरॉइडचा रेणू पेशीच्या आत शिरून दाहकारक द्रव्यांची निर्मितीच रोखतो. या कामास तास नव्हे, दिवस लागतात. थोडा फरक बारा तासांत जाणवला तरी पूर्ण गुण यावयास एक-दोन आठवडे जावे लागतात. सबब शिंका आल्या की मारावा आणि थांबल्या की ठेवून द्यावा, असा त्याचा उपयोग नाही. ज्याचा त्रास ठराविक ऋतूत येतो त्याने ऋतू लागण्याच्या आधीच आरंभ करून रोज, ठरल्या वेळी, ठरली मात्रा घ्यावी. नवी बाटली हलवून, बारीक धुके सुटेपर्यंत काही वेळा हवेत दाबून सिद्ध करावी. नाक हलकेच शिंकरून, किंवा उकळून थंड केलेल्या पाण्याची जलनेती आधी आटोपून, मान किंचित पुढे झुकवावी. मान मागे टाकण्याची जी सवय थेंबांनी लावली आहे ती येथे कामाची नाही. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डावीसाठी उजवा घ्यावा, कारण तसे केल्याने नळीचे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूस, डोळ्याच्या बाह्य कोनाच्या रोखाने वळते आणि मधल्या पडद्यापासून दूर राहते. त्या पडद्याच्या पुढल्या भागी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असून फवारा नेमाने तेथेच आदळत राहिला तर घोळणा फुटतो, क्वचित पडद्याला छिद्रही पडते. दाबताना श्वास हलकेच घ्यावा. तपकीर ओढल्यासारखा जोरात ओढला तर औषध घशात उतरते आणि कडवट चव तेवढी पदरी पडते. मग थोडा वेळ नाक शिंकरू नये, नळीचे तोंड पुसून ठेवावे, भोक बुजले म्हणून त्यात टाचणी घालू नये, आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

ज्यांच्या नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, ज्यांना क्षयाची बाधा आहे, ज्यांना काचबिंदू वा मोतीबिंदू आहे, त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून फवारा सुरू करू नये. एचआयव्हीवरील उपचारात रिटोनाविर घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. ते औषध फ्लुटिकासोनचा यकृतातील निचरा अडविते, आणि मग तो नगण्य अंश साठून कॉर्टिसोनच्या काळातील वाटोळा चेहरा पुन्हा दिसू शकतो.

मुलांचा प्रश्न निराळा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १०० लहान मुलांपैकी ज्यांना बेक्लोमेथासोन दिवसातून दोनदा वर्षभर दिले त्यांची उंची सरासरी ५ सेंटिमीटर वाढली, आणि ज्यांना औषधविरहित फवारा दिला त्यांची ५.९. मोमेटासोनच्या तशाच परीक्षेत हा फरक आढळला नाही. म्हणून मुलास फवारा द्यावा लागत असेल तर रक्तात कमीत कमी शिरणारे द्रव्य, आराम टिकविणारी कमीत कमी मात्रा व डॉक्टरांनी नेमून दिलेली मुदत, एवढी खातरजमा आईबापांनी करावी, आणि दर तीन-चार महिन्यांनी मुलाची उंची मोजून तो आकडा तारखेनिशी लिहून पुढल्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा.