नर्मदप्रणीत वाक्प्रचार
सुरत येथे जन्मलेले गुजराती कवी, गद्यकार व समाजसुधारक नर्मदाशंकर लालशंकर दवे ऊर्फ नर्मद (१८३३–८६) यांच्या लेखनातून रोजच्या गुजराती बोलण्यात रुळलेले शब्दप्रयोग. त्यांतील सर्वांत जोमदार 'याहोम करणे' हा असून, यज्ञातील आहुतीप्रमाणे परिणामाची पर्वा न करता स्वतःला कार्यात झोकून देणे, असा त्याचा अर्थ आहे; नर्मदांच्या कवितेतील हा प्रयोग पुढे इतका सार्वत्रिक झाला की, तो वापरणाऱ्यास मूळ कविता ठाऊक असतेच असे नाही. १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडल्यावर आपण लेखणीला सजल नेत्रांनी शरण गेलो, असे त्यांनी 'मारी हकीकत' या आत्मचरित्रात (लेखन १८६६) नमूद केले असून, केवळ लेखनावर निर्वाह करण्यास 'लेखणीच्या मांडीवर जाणे' या अर्थाचा गुजराती प्रयोग त्यावरूनच आला. 'गरवी गुजरात', म्हणजे गौरवशाली गुजरात, हे बिरुदही त्यांच्याच गीतातले. मात्र भाषणे व जाहिराती यांतील अतिवापराने ते काहीसे गुळगुळीत झाले आहे. विशेष म्हणजे, भाषेत अशी भर घालणारे नर्मद स्वतः 'नर्मकोश' (१८७३) या शब्दकोशाचे कर्ते होते.