बर्फाखालचे देवमासे

बोहेड हा प्रचंड देवमासा उत्तर ध्रुवाकडील समुद्रात राहतो. अलास्काच्या किनाऱ्यावरील इन्युपिआत लोक शतकानुशतके त्याची शिकार करीत आले. एक मासा हाती लागला की त्याचे वाटे घरोघर जात. या माशावर खरी संक्रांत आली ती १८४८ नंतर. त्या वर्षी पहिले अमेरिकन शिकारी जहाज बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेस गेले आणि तेलासाठी व जबड्यातील लवचिक पट्ट्यांसाठी कत्तल सुरू झाली. त्या पट्ट्या पुढे मडमांच्या आवळ चोळ्यांत घालीत!

१९७७ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: देवमासे उरले सहाशे ते दोन हजार. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने इन्युपिआतांची शिकार बंद केली. पाप व्यापाऱ्यांचे, प्रायश्चित्त मात्र यांच्या माथी! वर्षअखेरीस आयोगाने थोडी सवलत दिली: पुढील वर्षी बारा मासे हाती लागावेत किंवा अठरांवर भाले पडावेत, त्यापुढे नाही.

शिकारी म्हणाले, मोजणीच चुकली आहे. मोजणारे वसंतात बर्फाच्या कडेवर उभे राहून मोकळ्या पाण्यातून जाणारे मासे टिपीत. ती वाट बर्फाने मिटली की मासेही थांबले, असे ते धरून चालत. दार बंद दिसले म्हणून घर रिकामे लिहून घेणारा खानेसुमारीचा कारकून जसा, तसाच हा प्रकार. हॅरी ब्रोवर या वृद्ध शिकाऱ्याचे सांगणे होते की मासे बर्फाखालून जातात, डोक्याने बर्फ उचलून श्वास घेतात, आणि कडेपासून फार दूरवरूनही जातात.

शिकाऱ्यांचा स्वार्थ यात होता, हे उघड आहे; पण स्वार्थी माणसाचे म्हणणे खोटेच असते असे थोडेच आहे? पशुवैद्यक टॉम अल्बर्ट यांनी ते ऐकून घेतले. नुसती मान डोलावली नाही, की हसण्यावारीही नेले नाही. त्याच म्हणण्याच्या कसोटीसाठी मोजणीची पद्धत बदलण्याचा आग्रह धरला. बर्फाखाली पाण्यात ध्वनिग्राहक सोडले गेले. वाट मिटलेली असतानाही देवमाशांचे आवाज येतच राहिले!

१९८८ च्या मोजणीवरून आकडा निघाला सुमारे साडेसात हजार. २००१ मध्ये तो दहा हजारांपलीकडे गेला. शिकारीचा वाटा वाढला, आणि १९७७ मध्येच स्थापन झालेला शिकाऱ्यांचा स्वतःचा आयोग तो गावागावांत वाटून देऊ लागला.