माणसं नकोत म्हणून काढलेलं यंत्र

पोस्ट लांब आहे. पण बल्लारपूर-चंद्रपूरकडं ज्यांच्या घरातलं कुणी पेपर मिलमध्ये होतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

कागद पूर्वी हातानं व्हायचा. चौकटीची चाळणी लगद्यात बुडवायची, हलवून पाणी गाळायचं, एकेक ताव उचलायचा. फ्रान्समधल्या एसोनच्या कागद गिरणीत हे काम करणारे कारागीर मालकाला फारसे जुमानत नसत. त्या रोजच्या भांडणांना कंटाळून तिथल्याच लुई-निकोला रॉबेर नावाच्या कारकुनानं फिरत्या जाळीवर सलग कागद काढणारं यंत्र बनवलं. १७९९ साली त्याचं पेटंट झालं. म्हणजे बघा, हे यंत्र जन्मालाच आलं ते कामगारांची कटकट नको म्हणून! पुढं इंग्लंडात फोर्ड्रिनियर बंधूंनी त्यात पैसा ओतला, ब्रायन डॉन्किननं ते नीट चालतं केलं. बंधूंचं दिवाळं निघालं, यंत्राला नाव मात्र त्यांचंच राहिलं. रॉबेर शेवटी शाळामास्तर होऊन गरिबीत गेला. १८३० मध्ये बकिंगहॅमशायरच्या कामगारांनी ही यंत्रं फोडली, तेव्हा त्यांना शिक्षा झाल्या.

आपल्याकडं हे यंत्र आलं ते लाला करमचंद थापर यांच्या कंपनीमुळं. १९४५ साली कंपनी स्थापन झाली. जागा बल्लारपूरच का? पाण्याला वर्धा नदी, जमिनीखाली कोळसा, दारात रेल्वे आणि पाठीमागं बांबूचं जंगल. यातलं एक जरी नसतं तरी आज आपलं गाव वेगळं दिसलं असतं.

गावाला मिल कळते ती वासावरून. बांबूचे तुकडे कॉस्टिक आणि सोडियम सल्फाइडमध्ये दाबाखाली शिजवतात, त्यातल्या गंधकाचा तो वास. पाहुणे नाक दाबतात, आपल्याला काही वाटत नाही.

मशीनवर येणाऱ्या लगद्यात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. जाळीवर निम्मं काम होतं, मग प्रेसचे रोल पाणी पिळतात, मग वाफेनं तापलेले ड्रायर. शेवटी रीळावर गुंडाळला जातो तेव्हा कागदात पाच-सहा टक्के ओल उरते. जाळीवर एका ठिकाणी पाण्याची चमक संपते. ती रेघ पुढं सरकली की मागं, यावरून लगदा कसा निथळतोय हे जुना मशीनमन नुसतं बघून ओळखतो. आता ओल मोजायला स्कॅनर आहेत, पडद्यावर आकडे येतात. तरी अनुभवी माणूस एकदा जाळीकडं बघून येतोच.

खरी परीक्षा कागद तुटला की. मशीन थांबवत नाहीत. चालत्या मशीनवर आधी एक अरुंद पट्टी पुढं न्यायची आणि मग ती रुंद करत पूर्ण कागद लावायचा. जुन्या मशीनवर हे हातानं चालायचं, फिरत्या दोन रोलांच्या तोंडाशी. वर ड्रायरची धग, कानात सतत घरघर. माझ्या ओळखीतल्या निवृत्त मशीनमनशी बोलताना मला ओरडावं लागतं, ते उगाच नाही. आणि टाक्यांमधला गॅस वेगळाच. मे २०२० मध्ये छत्तीसगडच्या रायगडला पेपर मिलची टाकी साफ करताना सात कामगार दवाखान्यात गेले. लॉकडाऊननंतर मिल सुरू करायची तयारी चालली होती.

एक गोष्ट मला खटकते. बांबूचा इतिहास निदान नोंदला गेला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता, २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपज झाला, २०११ साली मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वाहतुकीचा पास मिळाला. त्यावर पुस्तकं झाली, अभ्यासक आले. व्हायलाच पाहिजे होतं. पण तोच बांबू ज्यांनी तीन-तीन पाळ्यांत कागद केला, त्यांचं काय? कायम माणसं निवृत्त होत गेली, कंत्राटी वाढली. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपये ठरली. हजारात औषधं तरी येतात का?

म्हणून विनंती. घरात जुना गेटपास, पगारचिठ्ठी, युनियनची पावती, खात्यातला ग्रुप फोटो असेल तर रद्दीत घालू नका. फोटो काढून मला पाठवा. सोबत एवढंच लिहा: कोणती मशीन, कोणती पाळी, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडं मी स्वतः येईन.