माल कोणाच्या हातीं द्यावा ?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतींतून माल बाहेर पाठवावयाचा म्हणजे प्रथम भाड्याची घासाघीस होते. वाहतूकदाराची पात्रता पाहण्याचें काम पुष्कळदां मागेंच राहतें. पण हा प्रश्न कांहीं आजचा नाहीं.

वाटेंतील जकातींसह एकरकमी ठराव करून माल पोंचविणाऱ्यास जुन्या मराठींत 'हुंडेकरी' म्हणत. त्याची परीक्षा मुख्यतः लौकिकावरून होई. पुढें १८६५ च्या वाहक-कायद्यानें या विश्वासास न्यायालयाचा आधार दिला. माल हरवला वा नासला, तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचें ओझें मालधन्यावर राहिलें नाहीं. तथापि या कायद्याची दृष्टि मालावर होती. रस्त्यानें चालणाऱ्या परक्या माणसाचा विचार तींत नव्हता. मोटारी आल्या आणि तो विचार अटळ झाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें मालमोटारीस परवाना व सुस्थितीचा दाखला आवश्यक ठरविला. १९८८ च्या कायद्यानें तीच वाट पुढें चालविली. २००७ सालीं झालेल्या व १ मार्च २०११ पासून अमलांत आलेल्या रस्ता-वाहतूक कायद्यानें १८६५ चा कायदा रद्द करून वाहकाची नोंदणी सक्तीची केली.

या शिस्तीचें मोल नाशिककरांस सांगावयास नको. जानेवारी २०२५ मध्यें द्वारका परिसरांतील उड्डाणपुलावर, सिडकोकडे परतणाऱ्या मंडळींचा टेंपो लोखंडी गज भरलेल्या मालमोटारीवर मागून आदळला, आणि अंबडच्या शेजारींच कित्येक घरांत आकांत झाला.

म्हणून माल भरण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. वाहकाची नोंदणी चालू आहे काय ? गाडीचा क्रमांक सरकारच्या 'वाहन' नोंदींत घालून सुस्थितीचा दाखला व विमा यांची मुदत तपासली काय ? नोंदणीपत्रावरील भारमर्यादेंत माल बसतो काय, आणि त्याचें टोक गाडीबाहेर तर येत नाहीं ना ? चौथी गोष्ट कोणत्याच दाखल्यावर लिहिलेली नसते : कसारा घाट उतरण्यापूर्वीं चालकास झोप मिळाली होती काय ? मोटार कामगाराच्या दिवसास सर्वसाधारणपणें आठ तासांची मर्यादा कायद्यानें १९६१ सालींच घातली होती.

भाडें फार खालीं ओढलें, तर तें कोठून भरून निघणार ? झिजलेल्या टायरांतून, ब्रेकांतून, किंवा चालकाच्या झोपेंतून. बुडालेल्या मालाची भरपाई मागतां येते. गेलेला जीव कोणत्याहि कायद्यानें परत येत नाहीं. हुंडेकऱ्यास आपला लौकिक राखावा लागे. आज माल पाठविणाऱ्यानेंहि तो राखावयास हवा.